शेवटचा खटका

"तुम्ही नोकरीत काय करायचात?" असं कोणी विचारलं की पाणीवाली सांगायची, "पाणी घालायचे." विचारणाऱ्याला वाटायचं, बाई कुठल्यातरी बागेत कामाला असणार. ती पुढे खुलासा करायची नाही. ज्याचं अर्ध्या वाक्यात समाधान होतं त्याच्यासाठी पुरं वाक्य खर्च करायचं नाही, असा तिचा स्वभाव.

पुरं वाक्य असं, की ती चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-खोलीत होती. शहराची वीज गेली तरी फोन चालू राहायचे ते या खोलीच्या जिवावर. तळघरात लाकडी मांडण्यांवर काचेचे मोठमोठे सेल ओळीने उभे असायचे. रोज सकाळी एकेका सेलला मीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा आणि पातळी उतरली असेल तिथे शुद्ध पाणी घालायचं. वरच्या मजल्यावर खुर्चीत बसून काम करणाऱ्या मंडळींना त्यातलं पाणी तेवढं दिसायचं, म्हणून त्यांनी तिचं नाव पाणीवाली ठेवलं. सेल आजारी पडायच्या आधी तिला कळायचं, हे त्यांना दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी त्यांनी नाव बदललं असतं असं नाही.

त्या खोलीचा एक नियम होता. ओळीवर काम करायचं असेल तर आधी मुख्य स्विचची मूठ काढून आपल्या खिशात ठेवायची, म्हणजे दुसरं कोणी चुकूनही वीज सोडणार नाही. काम झालं की मूठ खोबणीत बसवायची, वर उचलायची आणि बाजूला उभं राहायचं. मग साहेब येणार, ओळीवरून नजर फिरवणार, मुठीचा शेवटचा खटका दाबणार आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात सही करणार. काम करणाऱ्याने स्वतः खटका दाबायचा नाही. नियम चांगला होता; चार डोळ्यांनी पाहिलेलं कधीही बरं. एवढंच, की साहेब जेवायला गेलेले असले की पाणीवाली अर्धा-अर्धा तास हात मागे बांधून दाराकडे बघत उभी राहायची. शहरातली सर्वांत कमी बिघाडांची बॅटरी-खोली म्हणून त्या खोलीला तीन वेळा ढाल मिळाली. ढालींवर सही करणाऱ्यांची नावं कोरलेली होती.

ती निवृत्त झाली आणि घरी बसली. घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे एक, आणि पुढची खोली नवऱ्याची. तो शिंपी, गल्लीत सगळे त्याला मास्टर म्हणत. मास्टरांच्या कात्रीला धार होतीच, पण जिभेला जरा जास्त. बायको घरी बसल्यावर पहिल्या आठवड्यात तिने घरातल्या सगळ्या घड्याळांचे, विजेऱ्यांचे आणि रेडिओचे सेल तपासून वहीत नोंदवले, तेव्हा ते म्हणाले, "माझीही नोंद करून टाक. मीही उतरत चाललोय."

एकुलती लेक नर्स होती. नऊ वर्षं तिने इस्पितळाच्या वॉर्डात काढली, त्यातल्या निम्म्या रात्रपाळ्या. आता तिला फिरत्या नर्सची जागा मिळत होती. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही अशा माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, औषधं बघायची, दोन शब्द बोलायचे. वॉर्डात एकेका पेशंटला तिच्या वाट्याची चार मिनिटं मिळत. इथे अर्धा तास मिळणार होता. नर्स झाल्यापासून तिला हेच करायचं होतं. जागेला अट एकच होती: स्वतःची चालती गाडी हवी, कारण ही घरं शहराबाहेर लांब लांब विखुरलेली होती.

तिने एक जुनी हायब्रिड गाडी बघितली. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि मागच्या सीटच्या मागे मोठी बॅटरीही आहे, अशी. पेट्रोल कमी लागतं, म्हणून लांबच्या फेऱ्यांना सोयीची. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री आधीच म्हणाला होता, "गाडी बरी आहे, पण त्या बॅटरीचा भरवसा मी देणार नाही." लेक घुटमळली. तेव्हा पाणीवाली मध्ये पडली.

"घे," ती म्हणाली. "बॅटरीचंच म्हणतोय ना तो? मी आहे ना."

लेकीने घेतली. 'मी आहे ना' हे बोलायला सोपं आणि निस्तरायला अवघड असतं, असं मास्टरांनी त्याच दिवशी सांगून ठेवलं.

गाडी अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी चौकात सिग्नल सुटला तेव्हा ती सुटली नाही. समोर बिघाडाचा लाल त्रिकोण पेटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले आणि मिस्त्रीने ती ओढत आणून घरासमोरच्या फरसबंद अंगणात सोडली. त्याने आपलं तपासणीचं यंत्र लावलं, मान हलवली आणि हात पुसले.

"मोठी बॅटरी गेली, काकू. नवीन टाकायची तर तेवढ्यात दुसरी गाडी येईल. ही भंगारात द्या."

"उघडून बघितलीस?" पाणीवालीने विचारलं.

"ती उघडत नाहीत काकू. बदलतात."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' ज्यांना माहीत होतं ते यावर सावध झाले असते. मिस्त्रीला माहीत नव्हतं.

लेक रडली नाही. ती नर्स होती, वाईट बातमी कशी घ्यायची हे तिला येत होतं. तिने जेवणाच्या टेबलाशी बसून शांतपणे सांगितलं, "आई, पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. रविवारी दुपारपर्यंत त्यांना हो की नाही ते कळवायचंय. नाही म्हटलं तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाईल. मी भंगारवाल्याशी बोललेय, तो रविवारी बारा वाजता गाडी न्यायला येईल. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी वॉर्डात परत जाईन."

मनाला लावून घेऊ नकोस म्हटल्यावर न लावून घेणारी आई अजून जन्माला यायची आहे. पाणीवालीला शरम वाटली. गाडी बिघडली याची नव्हे, गाड्या बिघडतातच. तिच्या शब्दावर विसंबून लेक तोंडघशी पडली, याची. आज बुधवार म्हणजे हातात चार दिवस होते. तिने वहीचं नवं पान उघडलं, रेघा आखल्या आणि जुन्या सवयीने रकान्यांना नावं दिली: क्रमांक, आकडा, ताणानंतरचा आकडा, शेरा, सही.

गुरुवारी सकाळी तिने विजेच्या कामाचे नवे जाड रबरी हातमोजे आणले. त्यांत हवा कोंडली, तोंड पिळून धरलं आणि कुठे फुसफुसतंय का ते गालाशी नेऊन पाहिलं. मग आधी गाडीची नेहमीची लहान बॅटरी तपासली, कारण मोठ्या दुखण्याआधी साधं दुखणं बघायचं असतं. ती ठणठणीत होती. तिची तार सोडवली. मग मोठ्या बॅटरीच्या कडेला असलेली नारिंगी मूठ बाहेर ओढली. ही मूठ काढली की आतली ओळ मधोमध तुटते. तिने ती मूठ अंगातल्या झग्याच्या खिशात टाकली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं स्टुलावर नुसती बसून राहिली.

"संपलं काम?" मास्टरांनी खिडकीतून विचारलं.

"सुरू व्हायचंय. आतली वीज शांत व्हायला वेळ लागतो."

"मलाही लागतो, पण माझ्यासाठी कोणी दहा मिनिटं थांबत नाही."

मागची सीट निघाली, आणि घोडं कुठे पेंड खात होतं ते निम्मं तिथेच कळलं. बॅटरीला गार हवा देणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी कुत्र्याच्या पांढऱ्या केसांची चांगली उशीएवढी गादी बसली होती. आधीच्या मालकाचा लाडका कुत्रा वर्षानुवर्षं मागच्या सीटवर बसून फिरत असणार. बॅटरी बिचारी तापून तापून अर्धमेली झाली होती. पाणीवालीला त्या मालकाचा राग आला. कुत्र्याचा नाही आला.

बॅटरीची पेटी एकटीने उचलण्यासारखी नव्हती. मिस्त्रीला बोलावलं. तो आला ते 'काकूंचं मन राखावं' अशा चेहऱ्याने आला. त्याने आणि लेकीने पेटी उचलून आत आणली आणि पाणीवाली म्हणेल तिथे, म्हणजे मास्टरांच्या कापड बेतायच्या टेबलावर ठेवली.

"अगं, इथे कोट आहे एकाचा," मास्टर म्हणाले.

"अहो, कोट तुमचा माणूस रविवारनंतर घालेल. माझ्याकडे रविवारच आहे."

मास्टरांनी कोट उचलला. बोलायला ते कितीही तिखट असले तरी बायकोचा हा आवाज त्यांनी इतक्या वर्षांच्या संसारात फार थोड्या वेळा ऐकला होता. त्यांनी मुकाट्याने खुर्ची खिडकीशी नेली आणि कोट मांडीवर घेऊन हातानेच टाके घालायला बसले.

झाकण उघडलं. आत अठ्ठावीस सेल, प्रत्येक जाड पुस्तकाएवढा, एकमेकांना चिकटून उभे. जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. तिच्या खोलीतले सेल कमरेएवढे होते, हे वीतभर. ते काचेचे, हे काळ्या प्लास्टिकचे. पण ओळ ती ओळच. एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याला, आणि एक रुसला की सगळ्यांचं काम बंद.

"अहो, तुमचा खडू द्या."

मास्टरांच्या कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने तिने सेलांवर एक ते अठ्ठावीस आकडे घातले. मग मीटर लावत गेली, आकडा म्हणत गेली, आणि मास्टर सुई दातात धरून वहीत लिहीत गेले. सात पॉइंट आठ. सात पॉइंट आठ. सात पॉइंट नऊ. तेराव्याला सहा पॉइंट पाच. मिस्त्री जायला निघाला होता, तो दारात थांबला.

"म्हणजे एकच गेलाय?"

"नुसत्या बसलेल्या सेलचं काही खरं नसतं," पाणीवाली म्हणाली. "ओझं दिल्यावर कळतं कोण किती पाण्यात आहे."

तिने गाडीच्या दिव्याचा जुना बल्ब मागून घेतला आणि एकेका सेलवर तो दोन दोन मिनिटं जाळून पुन्हा मोजलं. तेरावा तर पार झोपलाच. त्याच्या शेजारचा चौदावाही पाठोपाठ बसला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आणि वरून अगदी धडधाकट दिसणारा नववा दीड मिनिटात घसरला. अठ्ठावीसांतले पंचवीस मात्र ठाम उभे राहिले. एवढं होईपर्यंत दुपार टळली. मिस्त्री गॅरेज सोडून तिथेच बसला होता.

"तिघांपायी आपण अठ्ठावीस फेकत होतो?" तो म्हणाला.

"तू फेकत होतास," मास्टर खिडकीतून म्हणाले. "आमच्या घरातून एक बटण फेकलं जात नाही."

शुक्रवारी पाणीवाली पर्समध्ये मीटर आणि बल्ब घालून त्याच भंगारवाल्याकडे गेली, जो रविवारी तिची गाडी न्यायला येणार होता. त्याच्या आवारात त्याच जातीची एक गाडी उभी होती, पुढून चेपलेली, मागून शाबूत. बॅटरी काढून तिचे सेल त्याने शेडमध्ये फळीवर सुटे मांडून ठेवले होते. तिने भाजी निवडावी तसे एकेक सेल हातात घेतले, फुगलेले बाजूला सारले, बाकीच्यांवर बल्ब जाळला आणि तिच्या पंचविसांच्या आकड्यांशी जुळणारे तीन वेगळे काढले. भंगारवाला कंबरेवर हात ठेवून बघत होता.

"मावशी, तुम्ही करायचात काय?"

"पाणी घालायचे," ती म्हणाली.

तांब्याच्या पट्ट्या रात्रभर व्हिनेगरमध्ये पडल्या आणि सकाळी नव्या नाण्यासारख्या निघाल्या. सगळे अठ्ठावीस सेल टेबलावर एका दिशेने तोंड करून तारांनी शेजारी शेजारी जोडून ठेवले होते, म्हणजे भरलेल्याने रिकाम्याला द्यावं आणि सगळ्यांची पातळी एक व्हावी. शनिवारी दुपारपर्यंत सगळे आकडे एक झाले. तिने ते पुन्हा उलटसुलट करून पेटीत रचले, मिस्त्रीने दिलेल्या, ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने छप्पन्न नट आवळले, आणि पेटी गाडीत गेली. पंखा धुऊन बसवला. नारिंगी मूठ खिशातून काढली, खोबणीत घातली, दांडी वर उचलली आणि ती दोन पावलं मागे सरून उभी राहिली. थोड्या वेळाने लहान बॅटरीची तार जोडली.

लेक चालकाच्या जागी बसली. बटण दाबलं. दिवे लागले आणि त्यांच्यामध्ये तोच लाल त्रिकोण.

मिस्त्रीने यंत्र लावलं आणि वाचून सांगितलं, "मोठ्या बॅटरीचा जोड कुठेतरी उघडा आहे म्हणतंय. पण कुठे ते सांगत नाही, काकू."

जोड म्हणताच पाणीवालीच्या डोळ्यांपुढे छप्पन्न नट आले. संध्याकाळपर्यंत तिने पुन्हा सीट काढली, मूठ खिशात टाकली, झाकण उघडलं आणि छप्पन्न नट एकेक करून तपासले. सगळे घट्ट होते. पट्ट्या जागेवर होत्या. पुन्हा सगळं बंद केलं, पुन्हा मूठ घातली, पुन्हा मागे सरून उभी राहिली. मास्टर खिडकीतून म्हणाले, "कोण यायचंय का?" ती लहान बॅटरीची तार जोडायला वळली. पुन्हा त्रिकोण पेटला.

त्या संध्याकाळी तिने जेवताना मान वर केली नाही. तिला पहिल्यांदाच वाटलं, की वरच्या मजल्यावरच्यांचं खरं असेल. चौतीस वर्षं आपण पाणीच घातलं असेल, आणि बाकीचं सगळं त्या सही करणाऱ्यांनाच कळत असेल. लेकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई, तू जेवढं केलंस तेवढं कोणी केलं नसतं." हे ऐकून तिला जास्तच वाईट वाटलं, कारण न चालणाऱ्या गाडीबद्दलच माणसं असं बोलतात.

रविवारी सकाळी नऊ वाजता ती पुन्हा गाडीच्या मागे होती. आता तिच्याकडे नवीन काही करण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून तिने तेच सगळं सुरुवातीपासून केलं. लहान बॅटरीची तार सोडवली. मूठ काढली, खिशात ठेवली. बसली. पंख्याची तार पाहिली, जाड नारिंगी तारांची टोकं पाहिली. सगळं जागच्या जागी. मूठ घातली, दांडी उचलली आणि दोन पावलं मागे सरली.

मास्टर कोटाचं अस्तर घेऊन पायरीवर बसले होते. आज त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता.

"अगं, एक विचारू? काल दोनदा अशीच उभी होतीस. आजही. हात मागे बांधून फाटकाकडे बघतेस. कोणाची वाट बघतेस?"

"कोणाची बघणार? कोणाची नाही," ती म्हणाली.

म्हणाली, आणि तिला आपले हात जाणवले. ते खरंच मागे बांधलेले होते, उजव्या हाताने डावं मनगट धरून. नजर फाटकाकडे होती. तिथून कोणी येणार नव्हतं. ज्याची ती वाट बघत होती तो साहेब निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे, ते एक्स्चेंज बंद पडलं होतं, ती खोली पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली होती. सुंभ जळाला होता, पीळ तेवढा तिच्या दोन हातांत शिल्लक होता.

ती सावकाश पुढे गेली आणि नारिंगी मुठीवर वाकली. दांडी उभी होती. पण दांडीच्या मुळाशी एक बारीक खाच होती आणि दांडी त्या खाचेत खाली सरकवून बसवायची होती. मूठ आत, दांडी वर, दांडी खाचेत; तीन हालचाली. तिने तीनही वेळा दोनच केल्या होत्या. तिसरी तिच्या हातांना कधी करायचीच नव्हती. तिसरी साहेबांची होती.

तिला आधी हसू आलं. मग राग आला, आणि तो नेमका कोणावर हे तिला सांगता आलं नसतं. मग डोळे भरून आले. मास्टर उठून तिच्याजवळ आले.

"लेकीला बोलवा," ती म्हणाली. "आणि वही आणायला सांगा."

लेक आली. पाणीवालीने तिला गाडीच्या मागे उभं केलं. "तू वाच. मी दाखवते. चार डोळ्यांनी बघितल्याशिवाय वीज सोडायची नाही."

लेक वाचत गेली: पंखा, तारांची टोकं, झाकणाचे स्क्रू, मूठ. पाणीवाली प्रत्येकावर बोट ठेवत गेली. शेवटी दोघी त्या दांडीपाशी आल्या. पाणीवालीने काय राहिलं होतं ते सांगितलं आणि का राहिलं होतं तेही सांगितलं. लेकीने वही बगलेत धरली.

"दाबू मी?" तिने विचारलं.

"नाही," पाणीवाली म्हणाली. "हा माझा."

तिने अंगठा ठेवला आणि दांडी खाली सरकवली. टक्. एवढासा आवाज. बॅटरी-खोलीत तो तिने हजारो वेळा ऐकला होता, पण दर वेळी दुसऱ्याच्या हाताचा.

लहान बॅटरी जोडली. लेकीने बटण दाबलं. लाल त्रिकोण आला, थांबला आणि विझला. त्याच्या जागी हिरवी अक्षरं उमटली, गाडी तयार आहे असं सांगणारी. गाडीतून हूं की चूं आलं नाही.

"बंदच आहे की," मास्टर गाडीच्या मागे उभे राहून म्हणाले. "मला तर काही ऐकू आलं नाही."

"बाजूला व्हा अहो. ती ऐकू येत नाही."

गाडी आवाज न करता मागे सरकली आणि मास्टरांनी या वयात मारता येईल तेवढी मोठी उडी मारली. लेक इतकी हसली की तिला ब्रेक दाबून थांबावं लागलं. मग पेट्रोलचं इंजिनही आपणहून सुरू झालं, गुरगुरलं आणि पुन्हा शांत झालं. लेकीने गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारली, मग चौकापर्यंत, मग शहराबाहेरच्या पहिल्या वस्तीपर्यंत. ती परत आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिने गाडीत बसूनच फोन लावला आणि सांगितलं, "हो. उद्या आठ वाजता हजर होते."

बाराला भंगारवाला आपला ट्रक घेऊन आला. गाडी फाटकाबाहेर चालू उभी होती आणि मिस्त्री तिच्याभोवती तिसरी चक्कर मारत होता.

"कोणी केली?" भंगारवाल्याने विचारलं.

मिस्त्रीने तोंड उघडलं होतं, पण लेक आधी बोलली. "माझ्या आईने. ती चौतीस वर्षं एक्स्चेंजची बॅटरी-खोली चालवत होती."

पाणीवाली जवळच उभी होती. कोणीतरी पुरं वाक्य बोललं, ते तिने नीट ऐकून घेतलं. भंगारवाला म्हणाला, "मावशी, माझ्याकडे अशा आणखी दोन पडल्यात." ती म्हणाली, "सोमवारनंतर बघू." ट्रक रिकामा गेला.

जेवणाची पानं वाढली गेली. लेक वही गाडीत ठेवायला म्हणून घेऊन निघाली आणि दारातच थांबली. "आई, हा शेवटचा रकाना रिकामाच आहे. इथे कोणाची सही?"

"साहेबांची असायची."

"मग कर ना."

पाणीवालीने वही घेतली आणि पुढच्या खोलीत कापड बेतायच्या टेबलाशी बसली. टेबलाच्या कडेला निळ्या खडूची भुकटी अजून तशीच होती. साहेब पानाच्या तळाशी एकच सही करायचे आणि वरपर्यंत एक रेघ ओढून द्यायचे. तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पूर्ण नाव, माहेरचं-सासरचं काही न गाळता, गोल अक्षरांत. मग दुसरी ओळ, मग तिसरी.

"अगं, अन्न गार होतंय," मास्टरांनी आतून हाक मारली. "किती सह्या आहेत?"

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "तुम्ही सुरू करा."